‘समजलं’ म्हणणारा वर्ग परीक्षेत का अडतो?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (भाराखाली वस्तू किती सोसते, किती वाकते याचा विषय) शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांचा हा प्रश्न आहे. वर्गात ७० मुलं. ते तयारी करून जातात, फळ्यावर टप्प्याटप्प्यानं गणितं सोडवतात, मुलं सगळं वहीत उतरवून घेतात. "समजलं का?" म्हटलं की "हो सर". आणि परीक्षेत आकृती जराशी बदलली की निम्म्या उत्तरपत्रिका कोऱ्या. पीपीटी करून झाली, व्हिडिओ दाखवून झाले, फरक नाही. सिलॅबस मोठा, तास मोजके. अशा वेळी शिकवण्याची नेमकी कोणती पद्धत धरावी, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांचं काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, मी गेली २६ वर्षं मेकॅनिकलच्या मुलांना अप्लाइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ आणि मशीन डिझाइन शिकवते आहे. पहिली सहा-सात वर्षं माझ्या वर्गातही हेच व्हायचं. तुमची मुलं खोटं बोलत नाहीत, एवढं आधी सांगते. तुम्ही फळ्यावर गणित सोडवता तेव्हा ते त्यांना खरंच समजतं. पण दुसऱ्यानं केलेला विचार त्याच्या मागून जाताना पटणं वेगळं, आणि तोच विचार कोऱ्या कागदावर स्वतः उभा करणं वेगळं. वर्गात पहिलं घडतं, परीक्षेत दुसरं मागितलं जातं.

म्हणून पद्धतीच्या नावापासून सुरुवात करू नका. एखाद्या मुलाची वही मागून घ्या, गेल्या आठवड्यातलं एक गणित उघडा आणि त्यातला कोणता भाग कुणी केला ते पाहा. मी हे केलं तेव्हा निघालं ते असं: आकृतीतला सपोर्ट (टेकू) कुठल्या प्रकारचा ते मी ओळखलं, फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी करून तिच्यावरच्या बलांचे बाण दाखवणारं चित्र) मी काढला, सेक्शन कुठे घ्यायचा, म्हणजे वस्तू मनात कुठे कापायची, ते मी ठरवलं, चिन्हं मी धरली. मुलांच्या वाट्याला आले ते आकडे आणि कॅल्क्युलेटर. स्ट्रेंथच्या गणितात अवघड असतं ते नेमकं पहिल्या चार गोष्टींत. समीकरणं एकदा लिहून झाली की पुढे शाळेतलंच बीजगणित उरतं. विचाराचा जो भाग आपण मुलांसाठी करतो तो त्यांना येत नाही, कितीही स्वच्छ करून दाखवला तरी. माझं पुढचं सगळं सांगणं याच्याशी बांधलेलं आहे.

आपल्याला हे दिसत नाही, कारण आपला तो भाग फार वेगानं होतो. रोलर, म्हणजे सरकू शकणारा टेकू, दिसला की हात आपसूक टेकलेल्या पृष्ठभागाला काटकोनात एक बाण काढतो. त्यामागचं कारण इतकं मुरलेलं असतं की बोलून दाखवायचंही सुचत नाही. मुलानं मात्र फळ्यावर दहा वेळा आडव्या जमिनीवरचा रोलर पाहिलेला असतो आणि दहाही वेळा उभा बाण. त्यानं शिकलेला नियम असतो ‘रोलर म्हणजे उभा बाण’. परीक्षेत रोलर उतारावर बसवला की तो तिथेही उभाच बाण काढतो, आणि आपण म्हणतो, एवढं सोपं चुकलं कसं! त्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. तो नियम चुकीचा आहे हे त्याला किंवा आपल्याला कळावं, असा प्रसंग त्याआधी वर्गात आलेलाच नव्हता.

एका वर्षी मी पूर्ण तासभर एकही गणित सोडवलं नाही. दहा चित्रं दिली, एकातही आकडे नव्हते. भिंतीला टेकवलेली शिडी, भिंतीतला ब्रॅकेट, दाराची बिजागरी, पुलीवरून जाणारा दोर, अशी. काम एकच, प्रत्येक वस्तू सुटी करून तिच्यावरचे सगळे बाण काढायचे. कागद गोळा करून घरी नेले. शिडीच्या चित्रात कित्येकांनी भिंतीची प्रतिक्रिया शिडीच्याच दिशेत काढली होती. जमिनीजवळचं घर्षण बऱ्याच जणांनी काढलंच नव्हतं. दोराच्या चित्रात दोन्ही टोकांना १०० न्यूटननं ओढल्यावर ताण २०० न्यूटन लिहिणारे होते आणि शून्य लिहिणारेही होते, कारण ‘बल एकमेकांना काटतात’. हीच मुलं पहिल्या वर्षाचा पेपर चांगल्या गुणांनी पास होऊन आलेली. त्या एका संध्याकाळी मला मुलांबद्दल जे कळलं ते आधीच्या सहा वर्षांच्या उत्तरपत्रिकांतून कळलं नव्हतं. उत्तरपत्रिकेत दिसतं ते चुकलेलं उत्तर. ते चुकवणारा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

भौतिकशास्त्राच्या लोकांना हा धक्का आपल्या आधी बसला. इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की यांत्रिकीचा कोर्स करूनही बल आणि गती यांबद्दलच्या मुलांच्या घरगुती समजुती फारशा हलत नाहीत. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना आपल्या वर्गाबद्दल हे खरं वाटलं नाही, म्हणून त्यांनी तसलेच साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न आपल्या मुलांना दिले. एका मुलीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू की मला खरं वाटतं तशी? तिच्या डोक्यात दोन वेगळी शास्त्रं शेजारी शेजारी नांदत होती, एक परीक्षेचं आणि एक स्वतःचं. माझूर यांनी त्यानंतर शिकवणं बदललं आणि १९९० च्या दशकात ‘पिअर इन्स्ट्रक्शन’ या नावानं ती पद्धत जगभर गेली. मला तुमच्यासारख्या मोठ्या वर्गात सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला, म्हणून तीच जरा तपशिलानं सांगते.

बेंडिंग स्ट्रेस (वाकताना वस्तूच्या आत येणारा ताण) शिकवून झाला की मी हा प्रश्न टाकते. एक स्टीलचा कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का बसवलेला बीम आहे, मोकळ्या टोकाला भार आहे. त्याच मापाचा, तेवढ्याच भाराचा दुसरा कँटिलिव्हर अ‍ॅल्युमिनियमचा आहे. स्वतःचं वजन सोडून द्या. अ‍ॅल्युमिनियममधला जास्तीत जास्त बेंडिंग स्ट्रेस स्टीलच्या तुलनेत (अ) जास्त, (ब) तेवढाच, (क) कमी? एक मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायची, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. जवळपास दर वर्षी निम्म्याहून जास्त वर्ग ‘जास्त’ म्हणतो. या मुलांनी दहा मिनिटांपूर्वी सूत्र वहीत उतरवलेलं असतं: एम गुणिले वाय भागिले आय. त्यात मोमेंट (भाराचा वाकवणारा परिणाम) आहे, सेक्शनचा आकार आहे. मटेरियल कुठेही नाही. तरी ‘अ‍ॅल्युमिनियम कच्चं, म्हणजे त्याच्यावर स्ट्रेस जास्त’ ही समजूत सूत्राला हरवते.

मत दिल्यावर शेजाऱ्याशी बोलायला दोन-तीन मिनिटं. नियम एकच: वेगळं उत्तर असलेला शोधा आणि त्याला पटवा. मग पुन्हा बोटं. वर्ग ब कडे सरकतो, आणि त्यानंतर मी बोलते. तेव्हा माझं बोलणं दोन मिनिटांचं असतं, पण ते ऐकलं जातं, कारण प्रत्येकानं आपलं काहीतरी पणाला लावलेलं असतं. स्ट्रेस ही भार आणि आकार यांनी मटेरियलकडे केलेली मागणी. स्ट्रेंथ म्हणजे मटेरियल पुरवू शकतं ते. आणि वाकणं मात्र ई वर, म्हणजे मटेरियलच्या ताठपणावर अवलंबून, स्टीलचा साधारण २०० गिगापास्कल आणि अ‍ॅल्युमिनियमचा ७०, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं टोक जवळजवळ तिप्पट खाली जाईल. पुढच्या वर्षीचं सगळं मशीन डिझाइन ‘मागणी आणि पुरवठा’ या फरकावर उभं आहे. तो फरक इथे पक्का झाला नाही तर फॅक्टर ऑफ सेफ्टी (पुरवठा मागणीच्या किती पट) हा त्यांच्यासाठी नुसता भागाकार राहतो.

एक तारतम्य ठेवा. पहिल्या मतात साधारण तिसरा हिस्सा ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर चर्चेचा खरा फायदा होतो. त्याहून कमी असतील तर बोलून काही निघत नाही, सगळे मिळून गोंधळतात. तेव्हा मागे जाऊन वेगळ्या तऱ्हेनं शिकवा. बहुतेक सगळे बरोबर असतील तर चर्चा न करता पुढे चला. असे प्रश्न लिहिणं सोपं नाही, हे मान्य. मी चुकीचे पर्याय स्वतः रचत नाही. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत मुलांनी खरोखर केलेल्या चुका घेते. तासाला दोन प्रश्न पुरतात.

याला पाठबळ किती, असं तुमचे सहकारी विचारतील. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत १०० पैकी सुमारे ३४ नापास होत होते. मुलांकडून वर्गातच काही करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हा फरक मोठा आहे. पण त्याचा अर्थ असा घेऊ नका की बाकं गोल मांडली, गट पाडले, चार्ट लावले की शिक्षण झालं. गटात बसून एकानं गणित सोडवलं आणि चौघांनी उतरवलं, तर फळ्याच्या जागी तो एक मुलगा आला एवढंच. मी एकच कसोटी लावते: या दहा मिनिटांत अवघड निर्णय कुणी घेतला? प्रत्येक मुलानं घेतला असेल तर पद्धतीला काहीही नाव द्या.

आता उलट बाजूचा धोका. हे सगळं ऐकून काही जण उत्साहानं पहिल्या दिवसापासून मुलांच्या अंगावर अवघड गणितं टाकतात आणि ‘शोधा तुमचं तुम्ही’ म्हणतात. नवख्यासाठी ते चूक आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं की सुरुवातीच्या टप्प्यावर सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांना, सगळं स्वतः सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात जास्त येतं. नवख्याचं डोकं एकाच वेळी सूत्र शोधणं, चिन्हं सांभाळणं आणि दिशा ठरवणं यातच भरून जातं, शिकायला जागा उरत नाही. म्हणजे तुमची सोडवलेली गणितं टाकून द्यायची नाहीत, ती वापरण्याची रीत बदलायची आहे. मिशेलिन ची यांच्या १९८९ च्या अभ्यासात चांगली आणि कच्ची मुलं तीच सोडवलेली उदाहरणं वाचत होती. चांगली मुलं ओळीओळीला थांबून ‘हे असं का’ याचं कारण स्वतःशी मांडत होती, कच्ची मुलं वाचून पुढे जात होती.

मी एका प्रकारची पूर्वी पाच गणितं फळ्यावर घ्यायचे. आता पहिलं पूर्ण सोडवलेलं कागदावर देते आणि तीन ओळींसमोर रिकामी जागा ठेवते: इथे आडवा फोर्स का धरला नाही? सेक्शन भाराच्या डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला तर काय बदलेल? दुसऱ्यात फ्री बॉडी डायग्राम कोरा, बाकीचं सोडवलेलं. तिसऱ्यात फक्त चित्र. चौथं पूर्ण त्यांचं. पाचवं मी देतच नाही. वेळ तेवढाच लागतो, काही वेळा कमी. हुशार मुलांना सोडवलेलं उदाहरण लवकर कंटाळवाणं होतं, त्यांना थेट तिसऱ्यावर जाऊ द्या.

ट्यूटोरियल शीटबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण तुमच्या ‘आकृती बदलली की अडतात’चं निम्मं कारण मला तिथे दिसतं. शीटवर वर लिहिलेलं असतं ‘टॉर्शन’ (पीळ), खाली टॉर्शनची बारा गणितं. मुलगा बारा गणितं सोडवतो, पण ‘हे टॉर्शनचं गणित आहे’ हा निर्णय तो एकदाही घेत नाही, तो शीर्षकानं घेतलेला असतो. परीक्षेत शीर्षक नसतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग दिली, दुसऱ्याला तीच मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले होते आणि मिसळवाले ६३ वर होते. म्हणजे ट्यूटोरियलच्या तासाला आपल्याला जे छान चाललेलं दिसतं, त्यावर फार विसंबू नये. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे प्रत्येक शीटमध्ये निदान तिसरा हिस्सा मागचा टाका, क्रम विस्कटून. आणि काही गणितं सोडवू नका, फक्त ओळखा म्हणा: शाफ्टला पुली लावली आहे, पट्टा ओढतो आहे, यात बेंडिंग आहे, टॉर्शन आहे, की दोन्ही? दहा चित्रं, दहा मिनिटं.

तासाची पहिली पाच मिनिटं मी मुलांकडून वही मिटवून घेते आणि मागच्या आठवड्यातलं काहीतरी कोऱ्या कागदावर आठवून लिहायला सांगते. गुण नाहीत. हजेरी घेण्याच्या वेळात हे होतं. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना लगेच घेतलेल्या चाचणीत ८३ टक्के आठवलं, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पुन्हा पुन्हा वाचणारा मुलगा ‘सगळं येतं’ असं मनापासून मानून का झोपतो, ते यातून कळतं. हे आकडे मी मुलांनाही दाखवते.

दाखवते, कारण ती कुरकुर करतात. ‘मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.’ ही कुरकुर तुम्हालाही ऐकावी लागेल, आणि फीडबॅक फॉर्मवर ती उतरू शकते. हार्वर्डमधल्याच लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे मोजलं: तोच भौतिकशास्त्राचा भाग ऐकून शिकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, आणि स्वतः धडपडून शिकलेल्यांना कमी, चाचणीत मात्र धडपडलेले पुढे होते. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना अडखळायला होत नाही, म्हणून कळल्यासारखं वाटतं. पहिल्याच तासाला हे समजावून सांगा, आणि महिन्याभरानं पहिली चाचणी झाली की पुन्हा सांगा. नंतर कुरकुर बरीच ओसरते.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र आजपासून बंद करा. त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी ‘हा भार बीमच्या मध्यावरून टोकाकडे सरकवला तर डाव्या सपोर्टचं काय होईल?’ असं विचारा आणि थांबा. मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात शाळांमधले तास मोजले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. ती शांतता आपल्याला फार जड जाते. मी मनात पाच आकडे मोजते.

सिलॅबसचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावणार नाही. मी वर्गातून तीन गोष्टी काढल्या. व्याख्या आणि प्रकार लिहवून घेणं बंद. ते पुस्तकात आहे. लांब डेरिव्हेशनमधल्या मधल्या पायऱ्या बंद. गृहीतकं कोणती, ती कुठे वापरली आणि ती मोडली तर सूत्र कुठे चालणार नाही, एवढं वर्गात, बाकी घरी. आणि फळ्यावर चौथं-पाचवं सारखं गणित सोडवणं बंद. यातून तासाला १५ ते २० मिनिटं मोकळी होतात. व्हिडिओ घरी पाहायला द्यायचे तर पाच-सहा मिनिटांचे द्या आणि त्यावर एक प्रश्न जोडा, नाहीतर ते पाहिले जात नाहीत. ‘कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून’ म्हणून प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवायचा जो सल्ला मिळतो, त्यात वेळ घालवू नका. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा त्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. स्ट्रेंथमध्ये चित्र, बाण आणि समीकरण हे तिन्ही सगळ्यांनाच लागतं.

प्रॅक्टिकलकडेही याच नजरेनं बघा. जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता आधीच छापलेला असेल तर मुलांनी ठरवायचं काय उरलं? अमेरिकेतल्या तीन संस्थांमधल्या भौतिकशास्त्राच्या नऊ प्रयोगशाळा-कोर्सेसचा अभ्यास २०१७ मध्ये नताशा होम्स, कार्ल वायमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. वर्गातला भाग पक्का करण्यासाठी ठेवलेल्या त्या प्रॅक्टिकलमुळे परीक्षेच्या गुणांत मोजण्याइतका फरक पडलेला नव्हता. मी टेन्साइल टेस्ट (नमुना ओढून तोडायची चाचणी) करताना मशीन सुरू करायच्या आधी प्रत्येकाकडून माइल्ड स्टीलचा आलेख अंदाजानं काढून घेते, कास्ट आयर्नचाही. मग मशीन चालू. आपल्या रेषेवर यील्ड पॉइंट (जिथून धातू कायमचा ताणला जायला लागतो) नव्हता आणि समोर काटा थबकतोय, हे ज्यानं पाहिलं त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. बीमच्या डिफ्लेक्शनवरून (वाकण्यावरून) ई काढायचा प्रयोग असतो, त्यात मुलं २०० च्या जवळ उत्तर यावं म्हणून रीडिंग ‘बसवतात’. तिथे गुण देण्याची रीतच मी बदलली: १७० आलं आणि तीस कुठे गेले याचं पटणारं कारण दिलं, क्लॅम्प ढिला असेल, जाडी एकाच ठिकाणी मोजली असेल, तर पूर्ण गुण. जाडी घनात येते, म्हणून मोजण्यात तीन टक्के चूक झाली तर उत्तर जवळजवळ नऊ टक्क्यांनी हलतं. हे एका विद्यार्थिनीनं स्वतः शोधून मला येऊन सांगितलं, तो दिवस माझ्या लक्षात राहिलेला आहे.

आणि पेपर. वर्गात काहीही बदललंत आणि पेपर तोच ठेवलात तर मुलं पेपरचंच ऐकतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. शेवटचा पेपर आपल्या हातात नसतो, पण अंतर्गत चाचण्या असतात. त्यात एक प्रश्न असा ठेवा ज्यात न लागणारा एखादा आकडा दिलेला आहे. एक असा, ज्यात लागणारा आकडा दिलेला नाही आणि तो मुलानं गृहीत धरून कारण लिहायचं आहे. आणि एक सोडवलेलं चुकीचं गणित: चूक शोधा, ती का झाली ते लिहा. घरचं काम आता चॅटबॉट सोडवून देतो, ही तक्रार सगळीकडे आहे. मला तो त्याच जुन्या गोष्टीचा नवा प्रकार वाटतो, अवघड भाग पुन्हा दुसरं कुणीतरी करतंय. म्हणून मी घरून उत्तर आणायला सांगणं सोडलं. घरी सोडवा, कशाचीही मदत घ्या. वर्गात आल्यावर त्याच गणितातला एक सपोर्ट बदलून दहा मिनिटांत कागदावर करून दाखवा.

तपासलेले पेपर परत देताना आधी फक्त शेरे द्या, गुण दोन दिवसांनी. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. शेऱ्यांसोबत गुणही मिळालेल्यांची सुधारली नाही. आकडा दिसला की शेरा कुणी वाचत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. ७० पेपरांवर लांब शेरे लिहायची गरज नाही. मी पाच-सहा नेहमीच्या चुकांना क्रमांक दिले आहेत आणि पेपरवर फक्त क्रमांक टाकते. कोणती ओळ, ते मुलानं शोधायचं.

मागच्या बाकांबद्दल. बोटांच्या मतदानात मागचा बाक आपोआप येतो, कारण चुकीचं उत्तर कुणाला दिसत नाही. पण त्या मुलांची अडचण बहुतेक वेळा स्ट्रेंथची नसतेच. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांची बिनगुणांची चाचणी घ्या: तिरक्या बलाचे दोन घटक, एका बिंदूभोवतीचा मोमेंट, मिलिमीटर वर्गाचं मीटर वर्गात रूपांतर. माझ्याकडे दर वर्षी दहा-पंधरा मुलं यातच अडतात. साइन कुठे आणि कोसाइन कुठे हे नक्की नसलेल्या मुलाला मोहर्स सर्कल (तिरक्या पातळीवरचे स्ट्रेस काढायची वर्तुळाची आकृती) शिकवणं म्हणजे त्याच्या समोर नुसतं बोलणं. अशांना मी पहिल्या तीन आठवड्यांत आठवड्याला एक जादा तास देते, फक्त एवढ्याच तीन गोष्टींसाठी, आणि त्याला ‘रेमेडियल’ हे नाव लावत नाही. त्यातली निम्मी तरी नंतर वर्गात बरोबरीनं येतात. सगळी येत नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमचं बेंडिंगचं प्रकरण अजून व्हायचं असेल तर तिथूनच सुरू करा, सगळा विषय एकदम बदलू नका. पहिल्या तासाला सूत्र लिहायच्या आधी प्रत्येकाला आपली प्लॅस्टिकची पट्टी बाकाच्या कडेबाहेर धरायला सांगा, आधी आडवी, मग उभी, आणि दोन्ही वेळा टोक बोटानं दाबायला. मग विचारा: आयताकृती बीमची रुंदी दुप्पट केली तर स्ट्रेस किती होईल, आणि रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर? प्रत्येकानं आकडा लिहायचा आणि कागद उलटा ठेवायचा. मग सूत्र काढा. रुंदीनं स्ट्रेस निम्मा होतो, उंचीनं पाव, आणि वाकणं तर उंचीनं आठपटीनं कमी होतं. कागद सुलटे करायला सांगा आणि किती जणांनी काय लिहिलं होतं त्याचे आकडे स्वतःच्या डायरीत टिपून ठेवा. तेच प्रश्न सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात, न सांगता, पुन्हा विचारा.